हक्काची माहिती : टोपी कोणाची, औषधपाणी कोणाचे?



सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, पेन्शन असल्या म्हाताऱ्यांच्या विषयांवर आम्ही या सदरात पुष्कळ लिहीत असतो. या वेळचा विषय नातवंडांचा आहे, पण तो वाचायचा आहे आजी-आजोबांनीसुद्धा. किंबहुना त्यांनीच आधी. कॉलेजची फी भागावी, अंगाला शिस्त लागावी, ज्या देशाने आपल्याला थारा दिला त्याची थोडी सेवा घडावी, म्हणून तरुण मुलेमुली नॅशनल गार्डमध्ये नाव नोंदवितात. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, वर्षातून दोन आठवडे शिबिर, बाकीचे दिवस नोकरी नाहीतर अभ्यास. (शनिवारची कवायत म्हटल्यावर घरात जी कुरकुर होते ती वेगळी गोष्ट, त्यात आम्ही पडत नाही.) आणि घरच्यांची समजूत बहुतेक एकच असते : "फौजेत आहे ना? मग काही झालं तर सरकार बघेल."

सरकार बघेल हे खरे. पण कोणते सरकार? अमेरिकेत सरकारे दोन आहेत. एक वॉशिंग्टनचे, दुसरे आपण राहतो त्या राज्याचे. गार्डचा जवान कधी एकाचा असतो, कधी दुसऱ्याचा. तो जखमी झाला त्या दिवशी, त्या तासाला कोणाच्या हुकमावर होता, यावर त्याला जन्मभर दरमहा पैसे मिळणार की ठराविक आठवडे मिळून मग बंद होणार, हे ठरते. गणवेश तोच, बूट तेच, ट्रक तोच, मोडलेला पायही तोच. हा फरक आपल्या घरोघरी माहीत असावा, म्हणून हा लेख.

आपल्या लोकांच्या हे चटकन लक्षात का येत नाही, त्यालाही कारण आहे. आपण जिथून आलो तिथे फौज एकच. भारतात सेना ही केंद्र सरकारची, राज्याच्या हाती पोलीस. आमच्यातील जुन्या मुंबईकरांना खाकी कपड्यातले होमगार्ड आठवत असतील. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतच ते दल पहिल्यांदा उभे राहिले. ते राज्याचे. आणि १९४९ साली सुरू झालेली टेरिटोरियल आर्मी, जिच्यात नोकरी-धंदा सांभाळून माणसे भरती होतात, ती केंद्राची. दोघांची गल्लत कोणी करीत नसे. तीच गोष्ट इस्राएलची. तिकडे मिलुईमला, म्हणजे राखीव सेवेला, गेलेला भाचा जखमी झाला तर १९५९च्या अपंग सैनिकांच्या कायद्याखाली संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन खाते त्याची केस बघते. सक्तीच्या सेवेतला सैनिक आणि मिलुईमचा सैनिक, दोघांना दार एकच. त्या खात्याच्या कारभाराबद्दल तिकडे तक्रारी थोड्या नाहीत, पण "तू कोणाचा सैनिक?" हा प्रश्न तिथे उठत नाही. अमेरिकेतला नॅशनल गार्ड म्हणजे होमगार्ड आणि टेरिटोरियल आर्मी एकाच अंगावर चढविल्यासारखे आहे.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. टोपीवाल्या उंदराची गोष्ट आजीने तुम्हाला सांगितली असेलच. गार्डच्या जवानाकडे अशा एक सोडून तीन टोप्या असतात. ही कल्पना आमची नव्हे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाची आहे. मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी आपल्या गार्डच्या जवानांना कवायतीसाठी मध्य अमेरिकेत पाठवायला हरकत घेतली आणि प्रकरण थेट वरच्या कोर्टात गेले. १९९० साली निकाल लागला, तो गव्हर्नरांच्या विरुद्ध. त्या निकालात न्यायमूर्तींनी समजावले की गार्डचा माणूस भरती होतो तेव्हा एकाच वेळी दोन ठिकाणी भरती होतो, राज्याच्या गार्डमध्ये आणि देशाच्या गार्डमध्ये. म्हणून त्याच्याकडे एक टोपी साध्या नागरिकाची, एक राज्याच्या दलाची आणि एक देशाच्या सैन्याची. तिन्ही त्याच्याच, पण एका वेळी डोक्यावर एकच. उंदराची टोपी राजाने काढून घेतली होती. इथे टोपी बदलते ती कागदावर, आणि पुष्कळदा जवानाला स्वतःलाच कळत नाही की आज आपल्या डोक्यावर कोणती आहे.

मोठ्यांसाठी हेच जरा नीट सांगतो. जवान तीन तऱ्हेने कामावर असतो. पहिली तऱ्हा, राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने. तेव्हा तो सरळ अमेरिकेचा सैनिक, परदेशी लढाईवर जातो तो असा. कागदावर याला 'टायटल १०' म्हणतात. दुसरी, 'टायटल ३२'. इथे हुकूम गव्हर्नरचा, पण पगार वॉशिंग्टनचा. महिन्याची कवायत आणि वार्षिक शिबिर यातच मोडते. तिसरी तऱ्हा म्हणजे 'स्टेट ॲक्टिव्ह ड्यूटी', राज्याची सेवा. हुकूम गव्हर्नरचा, पगार राज्याच्या तिजोरीतून, आणि कायदाही राज्याचाच. पूर, वादळ, वणवा, बर्फ, दंगल, संप, असे काही झाले की गव्हर्नर पहिल्या झटक्याला जवानांना बोलावतात ते बहुधा या तिसऱ्या तऱ्हेने, कारण त्यासाठी वॉशिंग्टनला विचारावे लागत नाही. एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. पुढे कधी केंद्राच्या आपत्ती खात्याने राज्याला तो खर्च भरून दिला, तरी जवान राज्याच्याच सेवेत होता असे धरले जाते. मागाहून पैसे कुठून आले यावरून टोपी बदलत नाही.

हे काही दूरचे नाही. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी पेन स्टेशन किंवा ग्रँड सेंट्रलवर बंदूक घेऊन उभे असलेले जवान पाहिले आहेत. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर होकुल यांनी सबवेत पिशव्या तपासायच्या कामाला ७५० गार्ड पाठविले, ते राज्याच्या सेवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या तुरुंगांचे रक्षक संपावर गेले तेव्हा हजारो गार्ड तुरुंग सांभाळायला गेले, तेही राज्याच्या सेवेत. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०१७ला हार्वे वादळ आले तेव्हा तिथल्या गव्हर्नरांनी आपला अख्खा गार्ड, जवळजवळ १२,००० माणसे, बाहेर काढला. करोनाच्या वेळी १० मार्च २०२०ला न्यू रोशेल गावात घरोघर अन्न वाटायला आणि शाळा-इमारती धुवायला गार्ड गेले, ते गव्हर्नरांच्या हुकमाने. मग बारा दिवसांनी, २२ मार्चला, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांसाठी केंद्राने 'टायटल ३२' लागू करून पगाराचा भार उचलायचे ठरविले. म्हणजे काम करोनाचेच, माणसे तीच, पण मध्येच टोपी बदलायची सोय झाली.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. समजा आपल्या ओळखीतला कोणी बाविशीतला मुलगा वाळूची पोती उचलताना घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका दुखावला.

हे कवायतीच्या शनिवारी झाले, तर ती केंद्राची बाब. 'लाइन ऑफ ड्यूटी' नावाची चौकशी होते. दुखापत सेवेतच झाली असे ठरले की उपचार लष्कराकडून, काम करता येईना तर काही काळ भरपाईचा पगार, आणि पुढे कायमचे व्यंग राहिले तर व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचे खाते, त्याला टक्केवारी ठरवून दरमहा पैसे देते. यातही एक बारीक मेख आहे. शनिवार-रविवारच्या कवायतीत दुखापत मान्य होते, आजार साधारणपणे नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात एवढे अपवाद. दोन आठवड्यांच्या शिबिरात मात्र आजारही धरतात. शिवाय कवायतीला जाता-येता रस्त्यात अपघात झाला तर तोही धरला जातो.

तेच पोते, तोच मुलगा, पण गव्हर्नरांनी पुरासाठी बोलावलेल्या दिवशी पडला तर? व्हीएच्या कायद्याच्या दृष्टीने तो त्या दिवशी सैनिकच नव्हता. राज्याच्या सेवेतले दिवस तिथे लष्करी सेवा म्हणून मोजतच नाहीत. लष्कराचा आरोग्य विमाही त्या हुकमाबरोबर मिळत नाही. (स्वतः हप्ता भरून 'ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट' घेतलेला असेल तर तो चालू राहतो, पण तो विकतचा विमा झाला, सेवेचा हक्क नव्हे.) सेवा संपल्यावर सैनिकाला जो प्रसिद्ध दाखला मिळतो, डीडी २१४, तोही राज्याच्या सेवेबद्दल निघत नाही. मग त्याने जायचे कुठे? राज्याकडे. बऱ्याच राज्यांत, टेक्सास आणि कॅलिफोर्नियासुद्धा, त्याला राज्याचा नोकर समजून 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' लागू करतात, म्हणजे गिरणीत किंवा गोदीत कामगाराला मार लागला तर जी नुकसानभरपाई मिळते, तीच. न्यू यॉर्कच्या लष्करी कायद्यात जखमी जवानाच्या पगाराची आणि उपचाराची स्वतंत्र तरतूद आहे. थोडक्यात, पन्नास राज्ये आणि पन्नास तऱ्हा. न्यू जर्सीतल्या मावशीच्या मुलाला जे मिळाले ते क्वीन्समधल्या काकांच्या मुलाला मिळेलच असे नाही.

कोणी म्हणेल, नुकसानभरपाई मिळते ना, मग झाले. आम्ही टेक्सासच्या नियमांचे उदाहरण घेऊन हिशेब मांडला, कारण ते नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. तिथे कामावर जाता येत नाही तोवर बुडालेल्या कमाईच्या साधारण ७० टक्के मिळतात, तेही आठव्या दिवसापासून, आणि बहुतेकांना जास्तीत जास्त १०४ आठवडे. मग डॉक्टर कायमच्या व्यंगाची टक्केवारी ठरवितो, आणि दर एका टक्क्याला तीन आठवडे या हिशेबाने पैसे देतात. दहा टक्के व्यंग म्हणजे तीस आठवडे. त्या मुलाची कमाई आठवड्याला हजार डॉलर धरली, तर सातशे डॉलरप्रमाणे एकवीस हजार डॉलर, आणि ते खाते संपले. त्या दुखापतीचा डॉक्टर-औषधाचा खर्च पुढेही मिळतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. व्यंग पंधरा टक्के किंवा अधिक असेल तर अटी घालून आणखी काही मिळू शकते. दोन्ही डोळे, दोन्ही पाय अशी फार मोठी हानी झाली तर जन्मभर. पण मधल्या लोकांचे, ज्यांची पाठ दुखते, गुडघा वळत नाही, एका कानाने ऐकू येत नाही, त्यांचे काम आठवड्यांत आटोपते.

व्हीएकडे दहा टक्क्यांचे २०२५ साली महिन्याला १७५ डॉलर ५१ सेंट मिळत. ऐकायला किरकोळ. पण हे दरमहा, जोवर व्यंग आहे तोवर, प्राप्तिकर नाही, आणि महागाईप्रमाणे वाढते. बाविसाव्या वर्षी सुरू झालेले पैसे बहात्तराव्या वर्षापर्यंत धरले तर वाढ न मोजताही एक लाख डॉलरच्या वर जातात. शंभर टक्क्यांचे २०२५ साली एकट्या माणसाला महिना ३,८३१ डॉलर होते. दोन्हीकडे टक्के मोजायची पद्धत वेगळी आहे, म्हणून हा हिशेब काटेकोर तुलना म्हणून कोणी घेऊ नये. आठवडे आणि आयुष्य यातले अंतर दिसावे एवढ्यासाठीच तो मांडला.

आम्हाला हे न्याय्य वाटत नाही. परक्याचे घर बुडताना धावून जाणाऱ्याने आधी हुकमाचा कागद वाचावा अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे. पण न्याय्य नाही म्हणून खरे नाही असे होत नाही. राज्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की वॉशिंग्टनची वाट न बघता माणसे धाडता आली पाहिजेत, आणि जो हुकूम करतो त्यानेच जबाबदारी घ्यावी. ठीक आहे. मग जबाबदारी पुरती घ्यावी, गोदी कामगाराच्या मापाने का?

कधी कधी राज्यालाही हे उमगते, पण कोणीतरी गेल्यावर. टेक्सासच्या गव्हर्नरांनी मार्च २०२१ मध्ये सीमेवर 'ऑपरेशन लोन स्टार' सुरू केले आणि त्यासाठी हजारो गार्ड महिनोन्महिने राज्याच्या सेवेत ठेवले. २२ एप्रिल २०२२ रोजी ईगल पास गावाजवळ रिओ ग्रांदे नदीत बुडणाऱ्या माणसांना वाचवायला बिशप इव्हान्स नावाचा बावीस वर्षांचा जवान पाण्यात उतरला आणि परत आला नाही. तीन दिवसांनी त्याचा देह सापडला. तो राज्याच्या हुकमावर होता. केंद्राच्या सेवेत असे मरण आले असते तर घरच्यांना जे मिळाले असते, त्याबाबत मोठा प्रश्न उभा राहिला. २०२३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने त्याच्याच नावाने कायदा केला आणि राज्याच्या सेवेत मृत्यू आलेल्या जवानांच्या वारसांना, राज्य पोलिसांच्या वारसांना मिळते तशी एकरकमी मदत देऊ केली.

आपल्या शहराचीही आठवण काढायला हवी. ११ सप्टेंबर २००१ला न्यू यॉर्कचे गार्ड त्याच दिवशी गव्हर्नरांच्या हुकमाने खालच्या मॅनहॅटनमध्ये उतरले. त्याच वर्षी पुढे जे जवान देशभर विमानतळांवर पहाऱ्याला उभे राहिले ते 'टायटल ३२'वर, म्हणजे वॉशिंग्टनच्या पगारावर. धूळ ज्यांनी गिळली ते राज्याचे, आणि विमानतळावर उभे राहिले ते केंद्राचे, अशी ती गंमत. खोकला, दमा, कर्करोग ही दुखणी तर कित्येक वर्षांनी वर आली. त्या लोकांसाठी २०१० साली झाद्रोगा कायदा झाला आणि त्यातून वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य योजना निघाली. २०१५ मध्ये तिची मुदत २०९० पर्यंत वाढविली. त्या योजनेत कोणती टोपी होती हे विचारीत नाहीत, तिथे काम केले होते का आणि दुखणे त्यातले आहे का, हे बघतात. आपल्या ओळखीत तेव्हाचा कोणी गार्ड असेल, आणि "मला व्हीएने नाही म्हटले" असे म्हणून गप्प बसला असेल, तर त्याला या योजनेबद्दल जरूर सांगावे.

राज्याच्या सेवेत असतानाही केंद्राकडून काही गोष्टी टिकतात. पहिली, लष्करी आयुर्विमा. तुकडीत नियमित कवायत करणाऱ्या गार्डला तो वर्षाचे सगळे दिवस असतो, कामावर असो वा घरी. त्याची कमाल रक्कम १ मार्च २०२३पासून पाच लाख डॉलर झाली. फॉर्मवर वारस म्हणून नाव कोणाचे लिहिले आहे हे मात्र घरात बसून एकदा बघा. लग्न झाले, मुले झाली आणि फॉर्मवर अजून जुनेच नाव, असे व्हायला वेळ लागत नाही. दुसरी, त्याच विम्याला जोडलेला मोठ्या शारीरिक इजेचा भाग. हात-पाय तुटणे, डोळे जाणे, मोठे भाजणे अशा ठरलेल्या इजांना पंचवीस हजारांपासून एक लाख डॉलरपर्यंत एकरकमी मिळतात, आणि इजा सेवेत झाली की सुट्टीत, हे तिथे विचारत नाहीत. राज्याच्या हुकमावर जखमी झालेल्याला हा अर्ज करता येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

तिसरी गोष्ट नोकरीची. सेवेवरून परतल्यावर जुनी नोकरी परत मिळण्याचा केंद्राचा कायदा आहे. पूर्वी तो राज्याच्या सेवेला लागू नव्हता. ५ जानेवारी २०२१च्या नव्या कायद्याने तो लागू झाला, पण अटीवर : सेवा चौदा दिवस किंवा जास्त असावी, नाहीतर राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आणीबाणीसाठी किंवा मोठ्या आपत्तीसाठी असावी. सेवेत जखमी झालेल्याला बरे होऊन कामावर रुजू व्हायला दोन वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि व्यंग राहिले तर मालकाने त्याला झेपेल अशी सोय करून द्यायची असते. पुराचे चार दिवस काम करून आलेल्यासाठी राज्याचा स्वतःचा कायदा काय म्हणतो ते बघावे लागेल.

आता कागदांबद्दल. आपल्या पिढीला, आजी-आजोबांनो, कागद जपायची सवय आहे. रेल्वेचे, बंदराचे, कस्टम्सचे पेन्शनचे कागद आपण बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून सातासमुद्रापार आणले. नातवंडांचे सगळे फोनमध्ये. फोन बदलला की गेले. तेव्हा त्यांना म्हणावे, बाळा, कामावर बोलावल्याचा हुकूम, म्हणजे ऑर्डर, छापून घरी ठेव. त्या ऑर्डरवर कोणत्या कायद्याखाली बोलावले ते लिहिलेले असते. 'स्टेट ॲक्टिव्ह ड्यूटी' हे शब्द किंवा राज्याच्या कायद्याचे कलम दिसले की समजावे. ऑर्डर मध्येच बदलली तर नवी ऑर्डरही ठेवावी, जुनी टाकू नये, कारण दुखापत कोणत्या तारखेची यावर सगळे आहे.

दुसरे म्हणजे, लागले तर त्याच दिवशी सांगावे आणि लेखी नोंद करून घ्यावी. तरुण मुले काय करतात? पाठ दुखते, पण बरोबरचे हसतील म्हणून गोळी खाऊन पुन्हा पोती उचलतात, आणि सहा महिन्यांनी एमआरआय काढतात. तोवर मुदत गेलेली असते. टेक्सासच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वर्कर्स कॉम्पेन्सेशनमध्ये तीस दिवसांत कळवायचे आणि एका वर्षात दावा लावायचा, असा साधारण नियम आहे. आपापल्या राज्याची मुदत युनिटच्या कचेरीत विचारावी. बरोबर कोण होते, त्यांची नावे त्याच रात्री लिहून ठेवावीत. डॉक्टरला सांगतानाही "पाठ दुखते" एवढेच न सांगता "अमुक तारखेला गार्डच्या कामावर पोते उचलताना दुखावली" असे सांगावे, म्हणजे ते तसे लिहिले जाते.

आणि एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा : भरपाई कोणत्या पगारावर मोजणार? गार्डच्या पगारावर, की बाहेरच्या नोकरीच्या? जो मुलगा बाहेर संगणकाच्या नोकरीत चांगले कमावतो आणि गार्डमध्ये खालच्या हुद्द्यावर आहे, त्याला यात मोठा फरक पडतो. राज्याराज्यांत उत्तर वेगळे आहे. भरती करणारा सार्जंट हे आपणहून सांगत नाही. त्याला दोष नाही, त्याचे काम भरती करण्याचे. पण आई-बाबांनी विचारले तर त्याने उत्तर मिळवून द्यावे, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आधी एकदा केंद्राच्या सेवेत, म्हणजे परदेशी वगैरे, जाऊन आलेल्या आणि व्हीएकडून आधीच काही मिळत असलेल्या जवानाने हेही लक्षात घ्यावे की त्या सेवेचे हक्क जसेच्या तसे राहतात. राज्याच्या सेवेत लागलेली नवी दुखापत मात्र त्यात आपोआप धरली जात नाही. दोन दुखण्यांची दोन खाती, दोन फायली. आम्ही वकील नव्हे, माहिती गोळा करून सांगणारे आहोत, म्हणून खरोखरच प्रसंग आला तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनचे काम करणाऱ्या वकिलाला भेटावे. दावा नाकारल्याचे पत्र आले तर ते फाडून टाकू नये. त्यावर अपील करायची मुदत लिहिलेली असते.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी दादा-ताई गार्डमध्ये असेल तर त्यांना विचारा, "आज तुझ्या डोक्यावर कोणती टोपी आहे?" त्यांना उत्तर आले नाही तर हा अंक त्यांच्या हातात द्या.

या विषयावर कोणाला आणखी विचारायचे असेल तर पत्र मराठीत लिहून पाठवावे, राज्याचे नाव न विसरता घालावे, आणि अक्षर मोठे काढावे. आमच्याही चष्म्याचा नंबर वाढला आहे.